कूलरच्या पॉइंटवरचा कॉम्प्युटर

आमच्या घरातला कॉम्प्युटर माझा होता. हे वाक्य मी सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. चंदिगढच्या सेक्टर पंधरातल्या एका शाळेत मी गणित शिकवते. माझ्या पगारातून मी तो घेतला होता आणि त्यावर काम करणारी घरात मी एकटीच होते. आमचा मुलगा अंशुमन त्यावर मोटारींच्या शर्यती लावायचा, पण त्याला काम म्हणायला मी अजून तयार नाही. तरीही आमच्या क्वार्टर्समध्ये सगळे त्याला ‘डॉक्टरसाब का कंप्यूटर’ म्हणत. डॉक्टरसाब म्हणजे माझे यजमान, श्यामकांत टिपणीस. ते मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये बायोकेमिस्ट्री शिकवतात. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध एवढाच होता की त्यावर धूळ बसली की ते मला सांगत.

मी त्यावर आमच्या सह्याद्री मंडळाची स्मरणिका करत असे. चंदिगढमध्ये मराठी माणसं आहेत हे पुण्यात सांगितलं तर लोक सहानुभूतीनं बघतात. पण आम्ही आहोत. इन्स्टिट्यूटमधले डॉक्टर, युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक, आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलणारे आर्मी-एअरफोर्सचे लोक. गणपतीत सगळे एकत्र येतात, आरत्या चुकीच्या चालीत म्हणतात आणि जेवून जातात. मुलांशी मराठीत बोललं तर ती हिंदीत उत्तर देतात, तेही ‘यार मम्मी’ने सुरू होणारं. अशा ठिकाणी वर्षातून एकदा मराठीत छापलेली चार पानं निघावीत, हा माझा हट्ट होता. त्यासाठी पुण्याच्या एका कंपनीकडून मी मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर मागवलं होतं. त्याच्यासोबत एक छोटं कुलूप यायचं. ते कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटर लावतात तिथे खोचलं, की आत मराठी उमटायचं. काढलं की नाही. आपली भाषा अशी मागच्या बाजूला स्क्रूनं घट्ट केलेली आहे, याची मला तेव्हा मौज वाटत असे.

दोन हजार तीनच्या जुलैत श्यामकांत इन्स्टिट्यूटमधल्या डॉक्टर बन्सलांकडे चहाला गेले. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, आपल्याकडे काय आहे? मी म्हटलं, मुगाची खिचडी. ते म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये. मी म्हटलं, विंडोज अठ्ठ्याण्णव. त्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं. बन्सलांकडे एक्सपी आलं होतं. पडद्यावर हिरवंगार कुरण, वर निळं आभाळ. बन्सलांची सून त्यातून टोरांटोला बोलत होती. आणि आपण अजून गेल्या शतकात बसलोय.

मी सांगितलं की स्मरणिकेचं काम निम्म्यावर आलंय, गणपती झाले की बघू. हे वाक्य त्यांनी ऐकलं याला पुरावा नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे सोढीजी वर आले. सोढीजी बँकेतून लवकर निवृत्त झाले होते, आणि त्यानंतर आमच्या ब्लॉकमध्ये कोणतंही काम त्यांच्या सल्ल्याशिवाय सुरू होत नसे, आणि त्यांच्या सल्ल्यानंतर पूर्ण होत नसे. कॉम्प्युटरकडे त्यांनी डॉक्टर पेशंटकडे बघतात तसं पाहिलं, त्याच्या डब्यावर दोन टिचक्या मारल्या आणि मेमरी कमी असल्याचं निदान केलं. मेमरी वाढवायची तर मदरबोर्ड बदला. मदरबोर्ड बदलायचा तर डबाही बदला, जुन्याचं काय करणार. त्यांच्या मागोमाग वरच्या मजल्यावरच्या अहलुवालियाबाई आल्या. त्यांच्या भावाच्या घरी नवा कॉम्प्युटर लावला आणि पहिल्याच आठवड्यात करंट लागून तो काळा पडला होता. भाऊ नव्हे, कॉम्प्युटर. म्हणून त्यांचं सांगणं होतं, बाकी काहीही करा, पण आधी अर्थिंग बघून घ्या.

मी चहा करत होते. तीन माणसं माझ्या कॉम्प्युटरभोवती उभी राहून त्याचं भवितव्य ठरवत होती. त्यांतल्या एकानंही, वहिनी, तुम्ही यावर नक्की करता काय, एवढं विचारलं नाही. सोढीजींनी चहात साखर किती घातली ते विचारलं.

सेक्टर वीसच्या मार्केटमधून क्वात्रा नावाचा माणूस आला. तो दर वाक्याला ‘पक्का’ म्हणायचा. हो म्हणायचं असलं तरी पक्का, माहीत नसलं तरी पक्का. त्याने प्लगमध्ये टेस्टर खुपसला आणि जाहीर केलं की या खोलीत अर्थिंगच नाही. अशा पॉइंटवर नवा मदरबोर्ड लावायची जबाबदारी तो घेणार नव्हता.

क्वार्टर सरकारी. भिंतीत खिळा मारायचा तरी इंजिनिअरिंग सेक्शनची परवानगी लागते. श्यामकांतांनी अर्ज दिला. कितीतरी खेटे घातल्यावर एक ज्युनिअर इंजिनिअर आला. तरुण होता, पण पन्नाशीचा कंटाळा त्याने अंगात भिनवून घेतला होता. त्याचं म्हणणं असं की क्वार्टरमध्ये कोणकोणती उपकरणं चालतील हे नियमात लिहिलंय. पंखा, फ्रीज, गिझर, कूलर. कॉम्प्युटर त्यात नाही. जे नाही, त्याला अर्थिंग कशी द्यायची? श्यामकांतांनी त्याला संशोधनाचं महत्त्व सांगितलं. तो ऐकत होता, मान हलवत होता आणि आमच्या भिंतींकडे बघत होता. शेवटी त्यालाच दया आली. बैठकीच्या खोलीत खिडकीखाली कूलरचा पॉइंट होता. कूलर म्हणून तो नियमात बसत होता आणि अर्थिंग करून घेता येत होती. फक्त कागदावर कूलरच राहील, आणि तपासणी आली तर तिथे कूलर दिसला पाहिजे.

म्हणून माझा कॉम्प्युटर आतल्या खोलीतल्या माझ्या कोपऱ्यातून उठला आणि बैठकीच्या खिडकीखाली कूलर होऊन बसला. खिडकी रस्त्यावर. दूध घ्यायला जाणारा प्रत्येक माणूस मला टाइप करताना बघू लागला. भाजीवाल्याला तर ते बिलं भरायचं काउंटर वाटलं; एकदा थांबून म्हणाला, मॅडमजी, बिजली का बिल भर दोगे मेरा भी?

स्मरणिकेतला सगळ्यात महत्त्वाचा लेख त्या दिवसांत चालला होता. रत्नप्रभाबाई सहस्रबुद्धे मोहालीला मुलाकडे राहत. सत्तरी ओलांडलेली, दृष्टी जवळजवळ गेलेली. त्यांचे यजमान इंजिनिअर होते, कॅपिटॉल कॉम्प्लेक्सचं, म्हणजे विधानसभा-सचिवालयाचं, बांधकाम चालू असताना इकडे आलेले. बाई नव्या नवरीच्या वयात इथे आल्या तेव्हा चंदिगढ म्हणजे नुसती माती आणि आखणीच्या खुंट्या. त्या सगळ्या आठवणी त्यांना सांगायच्या होत्या. लिहिता येत नव्हतं, म्हणून दर रविवारी मी बसने मोहालीला जाऊन ऐकायची, खुणेपुरते चार शब्द टिपायची आणि घरी येऊन सगळं टाइप करायची. टिपलेले कागद टाकून द्यायची. कॉम्प्युटर असताना कागद कशाला जपायचे, असा माझा समज होता. लेख पूर्ण झाला तेव्हा मी तो त्यांना फोनवरून वाचून दाखवला.  त्या म्हणाल्या, “आता मी मेले तरी चालेल,” आणि लगेच, “पण आधी छापून येऊ दे.” दुसऱ्या दिवशी त्या जालंधरला लेकीकडे गेल्या, गणपतीला परत येईन म्हणून.

ऑगस्टमध्ये क्वात्राने नवा डबा, नवा मदरबोर्ड आणि एक्सपी आणलं. श्यामकांत तत्त्वाचे असल्यामुळे चोरीची सीडी चालणार नव्हती, रीतसर घेतलेली हवी होती. रीतसर घेतलेल्या सीडीचं एक आहे, की ती तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. पडद्यावर एक लांबलचक आकडा आला. तो फोन करून कंपनीतल्या एका बाईंना वाचून दाखवायचा, मग त्या दुसरा आकडा सांगणार, तो आपण भरायचा. श्यामकांत आकडे वाचत होते आणि सोढीजी बाजूला उभे राहून ते पंजाबीत पुन्हा म्हणत होते, त्यामुळे त्या बाईंना वाटलं दोन कॉम्प्युटर आहेत. हे सगळं तीनदा झालं. शेवटी कुरण उगवलं. श्यामकांत, सोढीजी, अहलुवालियाबाई आणि क्वात्रा त्याच्याकडे बघत उभे राहिले. मला शाळेत जायचं होतं. जाताना मी एवढंच सांगितलं की माझ्या फाइली डी नावाच्या कप्प्यात आहेत, त्यांना हात लावू नका. “पक्का,” क्वात्रा म्हणाला.

मी घरी आले तेव्हा सगळे खुशीत होते. क्वात्रा गेला होता. श्यामकांत मला बसवून कुरण दाखवत होते. मी डी उघडला. रिकामा होता.

ते म्हणाले, थांब, घाबरू नकोस, फार मोठं संकट टळलंय. क्वात्राने तपासणी केली तेव्हा डीमधली प्रत्येक फाइल सडलेली निघाली होती. उघडली की आत शब्दच नाहीत. नुसती डोक्यावर टिंबं आणि रेघोट्या असलेली विचित्र अक्षरं, चौकोन, पौंडाची खूण. सोढीजींनीही पाहिलं. सगळ्यांचं एकमत झालं की व्हायरस आहे, तोही जुना, खोलवर मुरलेला. तो नव्या सिस्टीममध्ये पसरायच्या आत क्वात्राने मुळापासून साफ केला. कायमचा. वर पुन्हा काहीतरी फिरवलं, म्हणजे परत येणार नाही.

मी त्यांना समजावून सांगितलं. पुण्याचं सॉफ्टवेअर नसेल, मागे कुलूप नसेल, तर माझं मराठी तसंच दिसतं. टिंबं, रेघोट्या, पौंडाची खूण. तो व्हायरस नव्हता. तो रत्नप्रभाबाईंचा लेख होता.

 त्यावर श्यामकांतांनी जे विचारलं ते मी इथे जसंच्या तसं देते, कारण त्यांच्या शिक्षणाचा मला आदर आहे. “पण तू फाइलींना इंग्रजीत नावं का नाही दिलीस?”

मी दिली होती. हेही इथे नोंदवते.

त्या रात्री मी रडले नाही. क्वात्राला फोन केला तर त्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं की जे साफ झालं ते पक्कं साफ झालं. दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन केला. तिथल्या गृहस्थांनी अतिशय शुद्ध मराठीत सांगितलं की त्यांचं कुलूप एक्सपीला ओळखत नाही, नवी आवृत्ती येत्या काळात अपेक्षित आहे, आणि ग्राहकाने असे बदल करण्यापूर्वी विचारणा करणे उचित ठरले असते. अंशुमन दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, “मम्मी, इंग्लिश में ही कर लो ना, सब पढ़ लेंगे.” तो वाईट मुलगा नाही. त्याला खरंच मदत करायची होती. म्हणूनच ते जास्त लागलं.

मंडळाच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. अध्यक्ष ग्रुप कॅप्टन घोरपडे निवृत्त असले तरी बैठका अजून ऑपरेशनसारख्या घेत. त्यांनी परिस्थितीचा आढावा घेतला आणि निर्णय दिला: स्मरणिका हिंदी आणि इंग्रजीत. सेक्टर अठरातल्या प्रेसकडे हिंदीची सगळी सोय आहे आणि जाहिराती तशाही इंग्रजीतच असतात. मला वाटलं होतं कुणीतरी हरकत घेईल. उलट खोलीत हलकं वाटल्यासारखं झालं. ज्यांचे लेख गेले होते त्यांनी पटापट इंग्रजीत लिहून दिले, काहींनी आधीच लिहून ठेवले होते. युनिव्हर्सिटीतल्या एका प्राध्यापकांनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांना मराठीत लिहिणं तसं जडच जायचं, माझ्या भिडेखातर लिहीत होते.

मी एकच अट घातली. रत्नप्रभाबाईंचा लेख मराठीत जाईल. प्रेसमध्ये मराठीचा ‘ळ’ नव्हता, त्याच्या जागी ‘ल’ बसवतील म्हणाले. मी तेही मान्य केलं. घोरपड्यांनी तेवढं पान मला दिलं.

जालंधरला फोन लागायचा, पण लाइन इतकी खरखरायची की बाईंना धड ऐकू येत नव्हतं आणि लेक म्हणाली, आईला आता पुन्हा सगळं सांगायला लावू नका, तिला वाटेल तुम्ही हरवलंत. म्हणून मी आठवून आठवून लेख हाताने लिहिला. खिडकीखाली कूलर होऊन बसलेल्या त्या कॉम्प्युटरशेजारी बसून, पेनाने. जिथे आठवत नव्हतं तिथे बाईंचा आवाज डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. आवाज डोळ्यांपुढे येत नाही, पण मी काय म्हणते ते कळेल. लिहिलेलं प्रेसमध्ये देऊन आले. माझ्याकडे प्रत ठेवली नाही, कारण आता माझा कशावरच विश्वास नव्हता आणि झेरॉक्सवरही नाही.

गणपतीत स्मरणिका निघाली. कागद चकचकीत, रंगीत मुखपृष्ठ, आत भरपूर फोटो. मुलांनी पहिल्यांदाच ती हातात घेतली आणि स्वतःची नावं शोधून वाचली. सगळे म्हणाले, यंदाची सगळ्यात सुंदर झाली. मंचावर घोरपड्यांनी आभार मानले आणि ‘तांत्रिक सहकार्याबद्दल’ श्यामकांतांचा शाल देऊन सत्कार केला. ते दोनच शब्द बोलले. नव्या तंत्रज्ञानाला घाबरू नये, असे त्यातले दोन.

पहिल्या रांगेत रत्नप्रभाबाई बसल्या होत्या, नव्या इरकलीत. सून त्यांना माझ्याकडे सोपवून प्रसादाच्या रांगेत गेली. बाईंच्या मांडीवर स्मरणिका होती. त्या पानांवरून बोटं फिरवत होत्या. “माझा लेख कुठाय, देवयानी?”

मी पानं उलटली. पुन्हा उलटली. ज्या पानावर तो असायला हवा होता त्या पानावर डेराबस्सीच्या एका औषध कारखान्याची जाहिरात होती, पोट साफ ठेवणाऱ्या सिरपची. एक सुखी कुटुंब हसत होतं. मी घोरपड्यांकडे पाहिलं. ते लांबूनच हात हलवून म्हणाले की शेवटच्या क्षणी फुल पेज मिळालं, पुढच्या वर्षी नक्की, आणि पाहुण्यांकडे वळले. माझे कागद प्रेसमध्येच कुठेतरी गेले होते.

“सापडला का?” बाईंनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

“वाच मग. सगळा वाच.”

त्यांचं बोट माझ्या हातात होतं. मी ते सुखी कुटुंबाच्या डोक्यावर ठेवलं आणि वाचायला लागले. कसं त्या आल्या तेव्हा रस्ते नव्हते, नुसत्या आखलेल्या रेघा. कसं आपलं घर कोणत्या चौकोनात येणार हे त्यांना ओळखू येईना. म्हणून त्यांनी जुन्या साडीची पट्टी फाडून एका खुंटीला बांधली. सकाळी बांधकामाच्या माणसांना ती सरकारी खूण वाटली आणि त्यांनी तिथे भला मोठा खड्डा खणला. कसा यजमानांना जाब विचारला गेला. आणि त्या खड्ड्याच्या काठावर बसून, गावाकडची आठवण येऊन, त्या कशा दिवसभर रडल्या.

“थांब,” बाई म्हणाल्या.

मी थांबले.

“मी रडले असं कधी सांगितलं?”

मी जाहिरातीवरचं त्यांचं बोट तसंच धरून ठेवलं.

“मी हसले होते. हसू आवरेना म्हणून यजमान चिडले होते. तेच तर सांगायचं होतं मला. दिवसभर रडायला काय झालं होतं?” त्यांचा आवाज चढला तशी आजूबाजूची दोन-चार माणसं वळून पाहू लागली. “तुम्ही संपादक लोक असंच करता. माणूस सांगतो एक, तुम्ही लिहिता तुमच्या मनातलं.”

मला खात्रीने काही म्हणता येईना. त्या हसल्या म्हणाल्या होत्या की रडल्या, हे दाखवायला आता कुठेही एक ओळ शिल्लक नव्हती. माझ्या कॉम्प्युटरमध्ये नाही, प्रेसमध्ये नाही, त्या पानावर तर नाहीच. सवय नसताना मी माफी मागितली. पुढच्या वर्षी एक शब्दही बदलणार नाही म्हटलं. शाल पांघरलेले श्यामकांत शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनी बाईंना समजावलं की हिला थोडी अलंकारिक भाषेची सवय आहे.

“असू दे,” बाई शेवटी म्हणाल्या. “आता छापलंय त्याला काय करणार. पुढे वाच.”

मी पान उलटलं. मागे त्याच कारखान्याची, खोकल्याच्या औषधाची जाहिरात होती. त्यांचं बोट उचलून मी ते बाटलीच्या झाकणावर ठेवलं आणि पुढे वाचू लागले.